परलोक आणि इहलोकींचें वर्तन

मनुष्य मेल्यानंतर त्याचें कांहीं उरतें कीं नाहीं, हा प्रश्न कठोपनिषदांतील बालक नचिकेता यानें प्रत्यक्ष यमधर्मास विचारिला. यमानें त्यास दीर्घायुषी पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सुवर्ण व राज्य देऊं केलें. पण हा प्रश्न सोड, याविषयीं पूर्वीं देवांसही संशय पडला होता, असें सांगितलें. ज्यानें देवांस संशयांत पाडिलें, त्याविषयीं मनुष्यास संशय वाटल्यास त्याला पापी म्हणूं नये, एवढा बोध तरी आस्तिकांनीं या कथेवरून घ्यावा. आणि एवढें ऐश्वर्य नाकारून एका मुलानें जो प्रश्न धरून ठेविला, तो केवळ भित्र्यांचा अथवा लोभ्यांचा नव्हे, हें नास्तिकांनीं ध्यानांत ठेवावें.

वादापूर्वीं शब्दांचा अर्थ ठरविला पाहिजे. सामान्यतः ईश्वर न मानणाऱ्यास नास्तिक म्हणतात. मनुस्मृतीनें वेदनिंदकास तें नांव दिलें. पाणिनीच्या सूत्रांवरील काशिकावृत्तींत मात्र, परलोक आहे असें ज्याचें मत तो आस्तिक, असा अर्थ केला आहे. या तीन व्याख्या एक नव्हेत. जैन व बौद्ध हे जगत्कर्ता ईश्वर मानीत नाहींत, वेदप्रामाण्यही मानीत नाहींत. तथापि पुनर्जन्म व कर्मफल मानतात. अर्थात् ईश्वर नाकारिला कीं परलोकही बुडाला, असें तर्कानें सिद्ध होत नाहीं. दोन्ही नाकारणारे चार्वाक निराळे. हा भेद न जाणल्यामुळें पुष्कळ वाद व्यर्थ होतात.

आस्तिक पक्षाचा नेहमींचा आक्षेप असा कीं, मरणोत्तर जाब देण्याचें भय नसेल तर मनुष्य सदाचारानें कां वागेल? यास गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांचें चरित्र हेंच उत्तर होय. ते अज्ञेयवादी होते. परलोकाच्या आशेवर त्यांनीं कोणतेंही कार्य उभारिलें नाहीं. मोठ्या पगाराची नोकरी मिळण्याजोगी असतां, अल्प वेतनावर लोकहिताचें कार्य करण्याचा आपला निश्चय त्यांनीं मातेस पत्रानें कळविला. १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढून बालविवाह, केशवपन इत्यादि रूढींवर त्यांनीं कोरडे ओढिले, आणि त्याबद्दल पुण्यांत जिवंतपणींच आपली प्रेतयात्रा निघालेली पाहिली. दम्यानें जर्जर झालेल्या देहानें हें सारें सोसतांना त्यांस ना स्वर्गाचें प्रलोभन होतें, ना नरकाचा धाक.

नास्तिक पक्षाचा उलट आक्षेप असा कीं, परलोकावर दृष्टि लावणारा इहलोकाकडे पाठ फिरवितो, व त्याची भूतदया ही पुण्याची सावकारी असते. त्यांनीं पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्याकडे पाहावें. अमर जीवनावर बाईंची अढळ श्रद्धा होती. परंतु १८९६–९७ च्या दुष्काळांत त्या केवळ प्रार्थना करीत बसल्या नाहींत. मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं शेंकडों निराश्रित मुली व स्त्रिया आणिल्या, आणि केडगांव येथें त्यांस अन्न, विद्या व उद्योग दिला. उपाशी मुलीच्या तोंडीं घांस घालणारा हात स्वर्गाचा व्यापार करीत होता असें म्हणणें, हा अन्याय होय.

या दोन चरित्रांवरून आक्षेप खोटे ठरतात. परलोक आहे कीं नाहीं हें ठरत नाहीं. त्यासाठीं प्रमाणच पाहिलें पाहिजे. हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रोग्यांच्या अनुभवांविषयीं डॉक्टर सॅम पार्निया व त्यांचे सहकारी यांनीं १५ रुग्णालयांत केलेलें संशोधन २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. अशा २०६० प्रसंगांतून वांचलेल्यांपैकीं १४० जणांच्या मुलाखती घेतां आल्या. रोग्याची जाणीव खरोखर देहाबाहेर तरंगते काय, हें पाहण्यासाठीं केवळ वरूनच दिसतील अशीं चित्रें फळ्यांवर ठेविलीं होतीं. दोघांनीं त्या वेळीं पाहिलें-ऐकिलेलें सांगितलें, व त्यांपैकीं एकाचें वर्णन पडताळून पाहतां जुळलें. परंतु ते दोघे जेथें होते तेथें फळ्याच नव्हत्या! तेव्हां सिद्धि झाली नाहीं, आणि बाधही झाला नाहीं. शिवाय ते परत आलेले लोक होते. उंबरठ्यावरची वार्ता ही पलीकडची वार्ता नव्हे. मेंदूस इजा होतांच स्मृति व स्वभाव पालटतात, हें नास्तिकांचें प्रमाण बळकट आहे. त्यावर विल्यम जेम्स यांनीं १८९७ च्या एका व्याख्यानांत सुचविलें कीं, मेंदू हा जाणिवेचा उत्पादक नसून, रंगीत कांचेंतून प्रकाश यावा तसा तिचा केवळ मार्ग असूं शकेल. ही शक्यता झाली, सिद्धान्त नव्हे. एक पारडें जड असेल. पण दुसरें रिकामें नाहीं.

फ्रेंच गणिती पास्काल (१६२३–१६६२) यानें येथें पैजेचा मार्ग दाखविला: श्रद्धा ठेवून हरलों तर थोडें जातें, जिंकलों तर अनंत लाभ होतो. हा हिशेब चतुर खरा, परंतु कोणत्या धर्माच्या परलोकावर पैज लावावी, हें तो सांगत नाहीं. आणि परलोकीं न्यायाधीश असेलच, तर नफा पाहून गुडघे टेकणाऱ्यापेक्षां 'मला ठाऊक नाहीं' असें प्रामाणिकपणें म्हणणारा त्यास अधिक प्रिय व्हावा, असें मला वाटतें.

मग वर्तन कसें असावें? १७७६ सालीं तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम मरणोन्मुख असतां जेम्स बॉसवेल त्याच्या भेटीस गेला, आणि आतां तरी परलोकाची शक्यता वाटते काय, असें त्यानें छेडून विचारिलें. ह्यूम शांत राहिला. अस्वस्थ झाला तो बॉसवेल. मरणाऱ्याच्या उशाशीं वाद जिंकावयाचा नसतो. आस्तिकानें त्यास नरकाची भीति घालूं नये. आणि पुत्रशोकानें विव्हल झालेल्या मातेच्या आशेवर नास्तिकानें तर्काची कुऱ्हाड चालवूं नये. शाळेंत, सभेंत, वर्तमानपत्रांत वाद खुशाल व्हावा, आणि तो निर्भयपणें व्हावा. मरणापलीकडे काय आहे, याविषयीं आगरकर व रमाबाई यांचें एकमत झालें नसतें. परंतु बालविधवेस शिकवून माणसांत आणिलें पाहिजे, याविषयीं दोघांचें एकमत होतें, आणि त्या मुलीस तेवढें पुरेसें होतें.