इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा फॉर्म भरण्याआधी

सीईटीचा निकाल लागला की घरात धांदल उडते. मागच्या वर्षीची कट-ऑफची यादी मोबाईलवर येते. काका-मामा सल्ले देतात. कॉम्प्युटर मिळणार नाही असं दिसलं की बोट यादीत खाली सरकतं आणि ‘इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग’पाशी थांबतं. मेकॅनिकलसारखंच काहीतरी असेल, असं म्हणून ते फॉर्मात भरलं जातं.

असं करू नका. शाखा चांगली आहे, पण जाणूनबुजून घेणाऱ्यालाच ती फळते.

मेकॅनिकलमध्ये मुलं यंत्र कसं बनतं, कसं चालतं ते शिकतात. इंडस्ट्रियलमध्ये काम कसं चालतं ते शिकतात. माणसं, यंत्रं, माल, वेळ आणि पैसा यांचा मेळ घालणं हा इथला विषय. चाकणच्या कारखान्यात एका माणसाकडचं काम पुढच्याकडे किती वेळात जावं? भिवंडीच्या गोदामात कोणता माल दाराजवळ ठेवावा? सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग सकाळीच का तुंबते? असे प्रश्न सोडवायला इथे शिकवतात.

हे शास्त्र शंभर वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी कामाची सुरुवात गवंडीकामापासून केली. एक वीट बसवायला गवंडी १८ हालचाली करतो, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. विटा खाली वाकून उचलाव्या लागू नयेत म्हणून त्या उंचावर मांडल्या. हालचाली पाचाच्या आसपास आल्या. भिंत लवकर उठू लागली आणि गवंड्याची पाठही वाचली. त्यांच्या पत्नी लिलियन यांनी पुढे हीच नजर स्वयंपाकघराकडे वळवली. ओटा, शेगडी आणि भांडी कुठे असली म्हणजे बाईचे हेलपाटे कमी होतील, याचा त्यांनी अभ्यास केला. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा त्यांच्याच नावावर सांगितला जातो.

तुमच्या मुलाला किंवा मुलीला अशी नजर आहे का, हे घरीच पाहता येतं. रविवारी सकाळी त्यांना पिठाच्या गिरणीत तासभर बसवा. हातात वही द्या. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, काम कुठे अडलं, एवढं लिहायला सांगा. घरी येऊन त्यांनी आपणहून ‘वजनकाटा दाराशी हवा होता’ असं काही सांगितलं, तर समजा की आवड आहे. तासाभरात कंटाळा आला, तरी रागावू नका. एखाद्याला मोटार उघडून बघण्यातच आनंद असतो. त्याने मेकॅनिकलला जावं.

गणित टाळायला म्हणून तर ही शाखा मुळीच घेऊ नका. संख्याशास्त्र आणि संभाव्यता इथे चारही वर्षं पाठ सोडत नाहीत. ड्रॉइंग आणि वर्कशॉपही करावं लागतं.

आता कॉलेज बघू. नावावर जाऊ नका. कुठे इंडस्ट्रियल लिहितात, कुठे प्रॉडक्शन, कुठे दोन्ही जोडून. खरगपूरच्या आयआयटीत ‘इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स’ आहे. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून वाचा. वर्क स्टडी, ऑपरेशन्स रिसर्च, क्वालिटी कंट्रोल, अर्गोनॉमिक्स, उत्पादनाचं नियोजन हे विषय नीट दिसले पाहिजेत. ते एखाद-दुसऱ्या पेपरात उरकले असतील, तर पाटी एक आणि माल दुसरा.

एआयसीटीईची मान्यता तपासा. एनबीएचं मानांकनही विचारा. ते अख्ख्या कॉलेजला नसतं, शाखेला असतं. शेजारच्या शाखेचं मानांकन दाखवून कुणी तुमचं समाधान करत असेल तर ऐकू नका.

मग कामाच्या दिवशी कॉलेजात जा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. इंटर्नशिपला कोणत्या कारखान्यात गेलात, तिथे खरंच काम दिलं की नुसतं बसवून ठेवलं, हे विचारा. सगळ्यात मोठं पॅकेज किती, हा प्रश्न कामाचा नाही. याच शाखेतल्या किती मुलांना नोकरी लागली आणि कसल्या कामावर लागली, ते विचारा. बरीच मुलं सॉफ्टवेअरकडे वळलेली दिसली, तर त्यात वाईट काही नाही. पण ते तुम्हाला आज माहीत असावं.

सरकारी नोकरीवर डोळा असेल तर जास्त सावध राहा. गेट परीक्षेत ‘प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल’ असा वेगळा पेपर आहे. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमध्ये मात्र या शाखेचा वेगळा पेपर नाही. काही जाहिरातींत पात्रतेपुढे फक्त मेकॅनिकल लिहिलेलं असतं. हवं ते पद ठरवा आणि त्याच्या जुन्या जाहिराती आजच वाचा. पदवी हातात आल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

पैशाचं आधीच उघडपणे बोला. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून महाराष्ट्रात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे मोजण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा.

आता चार शब्द विद्यार्थ्यांसाठी.

पहिल्या वर्षापासून कारखान्यात जायची सवय लावा. मोठ्या कंपनीचं गेट उघडत नसेल तर जवळच्या एमआयडीसीत लहान वर्कशॉप असतात. तिथे सुट्टीत उभे राहा. एक्सेल पक्कं करा. पायथॉनसारखी एक भाषा शिका.

एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. हातात स्टॉपवॉच घेऊन तुम्ही कामगाराशेजारी उभे राहाल, तेव्हा त्याच्या पोटात गोळा येईल. माझा दर कापणार, माझा माणूस कमी करणार, असं त्याला वाटेल. ही भीती उगाच नाही. याच शास्त्राचे एक प्रवर्तक फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीने कामावर घड्याळ लावलं म्हणून १९११ साली अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या शस्त्रागारात ओतारी कामगारांनी संप केला होता. प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेलं आणि पुढे सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावायलाच बंदी आली.

म्हणून लपून वेळ मोजू नका. आधी नाव सांगा. कशासाठी आलो ते सांगा. ‘काका, मोजू का?’ असं विचारा. वहीत लिहिलेलं त्यांना दाखवा. त्या यंत्रावर वीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला काम कुठे अडतं हे तुमच्याआधीच माहीत असतं. फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं. तुमच्या सुधारणेने त्याचं वाकणं, उचलणं, धावणं कमी झालं, तर तोच तुम्हाला पुढची चूक दाखवेल. त्याचा घामच वाढला, तर तुमचा कागद कितीही सुबक असला तरी ती सुधारणा टिकणार नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेऊ नका. इचलकरंजीचा मागाचा कारखाना असो की गावातली बेकरी, एक खरी जागा निवडा. आधी मोजा, बदल करा, परत मोजा. मुलाखतीत या एका कामावर तुम्ही अर्धा तास बोलू शकाल.

पुढे शिकायचं असेल तर शक्यतो आधी एखादं वर्ष नोकरी करा. पवईला १९६३ साली याच विषयासाठी नीटी ही संस्था उभी राहिली. २०२३ पासून ती आयआयएम मुंबई आहे. अशा ठिकाणी वर्गात बसताना कारखाना पाहिलेला असला, तर शिकवलेलं पटकन उमगतं.

पालकांनो, फॉर्म भरायला सगळे एकत्र बसा आणि शेवटचा शब्द मुलांचा असू द्या. आवड दिसली असेल तर शेजारी काय म्हणतील याचा विचार न करता ही शाखा वर टाका. आवड नसेल तर ‘असू दे शेवटी’ म्हणूनही ती यादीत ठेवू नका, कारण यादीत लिहिलेलं मिळू शकतं. कॅपचं माहितीपत्रक दर वर्षी नव्याने वाचा, नियम बदलत असतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं, तर ते घ्यावंच लागतं आणि पुढच्या फेरीचं दार बंद होतं.