छंद आपला: सुरीचे पोलाद

सुरी घडवायला शिकताना हातोड्याआधी पोलाद नीट निवडावे. आपल्या तेलंगणातील कोनासमुद्रमचे पोलाद पूर्वी इराणी व्यापारी नेत. त्याचे मर्म होते भरपूर कार्बन. बांधकामाच्या सळईत तो कमी, म्हणून कितीही ‘पाणी’ दिले तरी पाते मऊच राहते. ट्रकच्या कमानपाट्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. नवशिक्याला तोच बरा. वापरलेल्या पाट्यात बारीक तडे असू शकतात, म्हणून नवा तुकडा घ्यावा.

पात्याला लोहचुंबक चिकटेनासे झाले की आणखी थोडे तापवून कोमट तेलात बुडवावे. कानस नुसती घसरली, तर पाते कडक झाले. पण ते ठिसूळही असते, पडले तर तुटेल. म्हणून लगेच २०० अंश सेल्सिअसला दोन तास ओव्हनमध्ये ठेवावे. धार त्यानंतरच!