पहिल्या रांगेत कोण बसणार?

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात एक नवी चाल पडत आहे. पूर्वी एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन म्हटला की तो गावच्या सभागृहात, नाहीतर एखाद्याच्या अंगणात साल वेर्त उभारून साजरा होई. आता तोच समारंभ समुद्रकाठच्या पंचतारांकित हॉटेलात व्हावा आणि त्याला ‘गाला’ म्हणावे, अशी इच्छा बोलून दाखवली जाते. ज्या मंडळाच्या समितीवर आम्ही बसतो, तेथेही यंदा हा विषय निघाला आहे. दोन सभा झाल्या. तिसरी येत्या पंधरवड्यात आहे आणि तीत निर्णय व्हायचा आहे. पहिल्या सभेत आम्ही स्वतः हॉटेलच्या बाजूने हात वर केला होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे आमचे मत का बदलले ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की ही इच्छा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपले पूर्वज कोकणातल्या खेड्यांतून मुंबई बंदरात आले, जहाजात चढले आणि पोर्ट लुईसच्या धक्क्यावर उतरले. ज्या आप्रवासी घाटाचा २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला, त्याच्या पायऱ्या चढताना त्यांच्या हातात गाठोड्याखेरीज काही नव्हते. पुढे उसाच्या मळ्यांतली कष्टाची वर्षे गेली. १९६८ साली देश स्वतंत्र झाला. १९७५ साली पूर्व किनाऱ्यावर सें जेराँ हॉटेल उघडले. १७४४ साली आपल्या बेटाजवळ फुटलेल्या जहाजाचे ते नाव, ‘पॉल आणि व्हर्जिनी’च्या कथेमुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेले. त्यानंतर अशी हॉटेले किनाऱ्या-किनाऱ्याने उभी राहिली. आपल्या गावांतली माणसे तेथे गेली ती बागेत राबायला, चादरी धुवायला, स्वयंपाकघरात भांडी घासायला; आणि आत शिरली ती मागच्या फाटकाने. त्यांच्या मुलांना, नातवंडांना एकदा तरी पुढच्या दारातून, पाहुणे म्हणून आत जावेसे वाटले, तर त्यात वावगे काय? म्हणूनच आम्ही हात वर केला होता.

मग जागा पाहण्यासाठी समितीचे आम्ही तिघेजण एका हॉटेलात गेलो. व्यवस्थापकांनी मोठ्या आदराने सर्व काही दाखवले. सूर्यास्ताच्या वेळी हिरवळीवर पेयपान, मग दालनात दहा-दहा जणांची गोल मेजे, फुलांची सजावट, रंगमंच, दिव्यांची योजना. आमचे डोळे दिपले हे खरे. बोलता बोलता त्यांनी विचारले, “कलाकार किती जण आहेत? त्यांना मागच्या फाटकाने यावे लागेल. त्यांचे जेवण कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात ठेवू.”

यात त्या गृहस्थांचा काही दोष नव्हता. सर्व ठिकाणचा तोच रिवाज. दोष आमचा होता. आम्हीच आमच्या कागदावर झाकरीच्या मंडळींना ‘कलाकार’ या रकान्यात घातले होते आणि दोन जेवणांच्या मध्ये त्यांना दहा मिनिटे दिली होती.

परत निघताना पाठीमागून हाक आली, “गुरुजी!” पाहतो तर आमचा एक जुना विद्यार्थी, पांढऱ्या शुभ्र गणवेशात. तो त्याच दालनात मेजांची व्यवस्था पाहतो. पाया पडला, घरची विचारपूस झाली. बातमी त्याच्या कानावर गेली होतीच. त्याने विचारले, “गुरुजी, आमचे आजोबाही येणार ना त्या रात्री?” आम्ही म्हणालो, “म्हणजे काय! त्यांच्या ढोलकाशिवाय झाकरी कशी होईल?” तो जरा थांबला आणि हळूच म्हणाला, “मग त्यांना कोणत्या फाटकाने आणणार?”

वाचकहो, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या फाटकाने तो नातू रोज कामावर जातो, त्याच फाटकाने त्याच्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना आम्ही आत नेणार होतो. आणि तेही आपल्याच समाजाच्या गौरवाच्या रात्री.

घरी येऊन आम्ही विचार करू लागलो. आम्ही पेशाने शिक्षक. मोका येथे प्रशिक्षण घेताना आम्हांला पाठ टाचण काढायला शिकवले गेले. पहिल्या ओळीत उद्दिष्ट लिहायचे. मग विद्यार्थी कोण, त्यांचे पूर्वज्ञान काय, हे लिहायचे. मग वेळ, मग पद्धती, मग साहित्य. आणि शेवटी मूल्यमापन. नवशिक्या शिक्षकाची एक ठरलेली चूक असते. तो आधी सुंदर तक्ता रंगवतो आणि मग त्या तक्त्याला शोभेल असा पाठ शोधत बसतो. आमच्या समितीने नेमके तेच केले. हॉटेल हे साहित्य. त्यापासून सुरुवात केली आणि उद्दिष्टाची ओळ कोरीच राहिली.

आता तेच टाचण क्रमाने भरून पाहू. उद्दिष्ट काय? ज्यांनी मंडळ उभे केले त्यांचा सन्मान, तरुणांना आपल्या भाषेची गोडी आणि बैठकेच्या वर्गासाठी थोडा निधी. या तिन्हींवर कोणाचा मतभेद नाही.

यायचे कोणी? सर्व कुटुंबांनी, असे आपण म्हणतो. समजा, तिकीट ३,००० रुपये ठेवले. आजी, आजोबा, आईवडील आणि एक मूल मिळून पाच जणांच्या घराचे १५,००० रुपये झाले. आपल्या देशात २०२४ साली किमान मासिक वेतन १६,५०० रुपये ठरले होते. अशा पगारावर राबणारे घर काय करील? नवरा-बायको दोघेच येतील किंवा कोणीच येणार नाही. आजी-आजोबा आणि मूल घरीच राहतील. म्हणजे ज्यांचा सन्मान करायचा ते घरी आणि ज्याला भाषा शिकवायची तोही घरी!

वेळेचे पाहा. आपल्या ज्येष्ठांना २००५ सालापासून बसचा प्रवास मोफत आहे. पण गावाकडची शेवटची बस रात्रीच्या समारंभासाठी थांबत नाही. ज्याच्या दारात मोटार नाही, त्याने किनाऱ्यावरून अर्ध्या रात्री वाक्वाला किंवा कास्कावेलला परतावे कसे? तारीखही काळजीने निवडावी लागते. नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा हंगाम. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ आले तेव्हा पोर्ट लुईसच्या रस्त्यांतून मोटारी वाहून जाताना आपण पाहिल्या. त्या काळात दालन ठरवले आणि इशारा लागला, तर आगाऊ भरलेल्या रकमेचे काय, हे करारात लिहून घ्यायला हवे. श्रावणात आणि गणेशचतुर्थीच्या आधी आपल्या घरांत मांस-मद्य वर्ज्य असते. तेव्हा ‘पेयपान’ ठेवून आपण कोणाला बोलावणार? महाशिवरात्रीला आपलेच तरुण गंगा तलावाच्या वाटेवर चालत असतात. या गोष्टी ठरवायला हॉटेलचा माणूस येणार नाही. त्या आपल्यालाच ठाऊक असायला हव्यात.

पद्धती म्हणजे कार्यक्रम. आमच्या कागदावर चार तासांचा कार्यक्रम होता. त्यात मराठी किती? दीप लावतानाची प्रार्थना आणि झाकरीची दहा मिनिटे. बाकी भाषणे इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये, नंतर सेगा, नंतर नाचाच्या तबकड्या. सेगा आम्हांला परका नाही. क्रिओल आपल्या घरची बोली आहे आणि सेगाच्या ठेक्यावर आमचेही पाय हलतात. परंतु जो समारंभ मराठी मंडळाचा आहे, तेथे तरी मराठी पाहुणी म्हणून येऊ नये. कोकणात जिला जाखडी म्हणतात, ती आपल्याकडे झाकरी होऊन पिढ्यानपिढ्या टिकली. ती कोणत्या दालनात टिकली? पत्र्याच्या छपराखाली, मळ्यातल्या वस्तीत, गणपतीच्या रात्री घराघरांत. तिला दिव्यांची योजना नव्हती. पण पहाटेपर्यंत वेळ होता आणि भोवती बसलेल्यांना पुढची ओळ पाठ होती.

यावर समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, तुमचे खरे, पण मान्यवर पाहुणे आणि देणगीदार सभागृहात येत नाहीत. हॉटेलात येतात. शिवाय आपली तरुण मुले साल वेर्तला कंटाळली आहेत.” हा मुद्दा आम्ही टाळणार नाही. देणगी हवीच आहे. तरुण मुलांना सुबक, वक्तशीर, नीटनेटका समारंभ हवा असतो, आणि तो हवा असणे योग्यच आहे. ध्वनिवर्धक घरघरतो, भाषणे संपत नाहीत, मुलांचा नाच रात्री अकराला सुरू होतो, हे आपल्या सभागृहांतले दोष आपण वर्षानुवर्षे चालवून घेतले. मुले हॉटेलकडे पाहतात ती काही अंशी या आपल्या ढिलाईमुळे. परंतु वक्तशीरपणा पंचतारांकित नसतो. तो सभागृहातही आणता येतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मान्यवरांचे म्हणाल, तर गोल मेजे आणि चांदीचे काटे-चमचे ते दर आठवड्याला पाहतात. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने उभे राहून ढोलकावर थाप मारली आणि पन्नास नातवंडांनी त्याला साथ दिली, हे ते कोठे पाहणार?

तेव्हा आमचे म्हणणे असे. समारंभ अवश्य भव्य करावा. हॉटेलातही करावा, जर पुढील गोष्टी पाळता येत असतील तर. पहिली, झाकरीचे, गोंधळाचे, भजनाचे लोक हे मंडळाचे पाहुणे. ते पुढच्या दारातून येतील, पहिल्या रांगेत बसतील आणि सर्वांबरोबर जेवतील. दुसरी, साठीच्या पुढच्या सभासदांना तिकीट नाही. तिसरी, प्रत्येक गावातून मंडळाची बस निघेल आणि प्रत्येकाला घरापाशी सोडील. चौथी, कार्यक्रमाचा अर्धा वेळ तरी मराठीचा, आणि सूत्रसंचालन बैठकेत शिकलेल्या मुला-मुलींचे. पाचवी, जमाखर्च महिन्याच्या आत सभासदांपुढे ठेवावा आणि उरलेली रक्कम बैठकेच्या पुस्तकांना द्यावी.

हे सर्व हॉटेलात बसत असेल तर आम्ही पुन्हा हात वर करू. बसत नसेल, तर रविवारी दुपारी एखाद्या कॉलेजचे मोठे सभागृह घ्यावे. दुपारी बस मिळते, मुले जागी असतात आणि केळीच्या पानावर सात करी वाढायला आपले तरुण उत्साहाने पुढे येतात. त्यासाठी कोणाला गणवेश लागत नाही. आमचा तो विद्यार्थीही म्हणाला, “रविवारी माझी सुटी असते गुरुजी. मेजे मांडायला मी येईन. माझ्याइतकी सरळ रांग तुमच्यापैकी कोणाला जमणार नाही!” समितीला याहून चांगला तज्ज्ञ कोठे मिळणार?

शेवटी मूल्यमापन. समारंभ यशस्वी झाला की नाही, हे छायाचित्रांवरून ठरवू नये. दुसऱ्या दिवशी सोमवारी वर्गात एखादे मूल विचारते का, “गुरुजी, त्या गाण्यातल्या शब्दाचा अर्थ काय?” ही आमची परीक्षा. आणि आजोबा शेजाऱ्याला सांगतात का, “मला बोलावले होते,” ही दुसरी.

आपल्या देशात समुद्रकाठची ८१.२१ मीटरची पट्टी, जिला ‘पा जेओमेत्रिक’ म्हणतात, ती मुळात सरकारची. बहुतेक हॉटेले तेथे भाडेपट्ट्याने उभी आहेत, आणि भरती-ओहोटीमधली वाळू तर सर्वांचीच आहे. विसर्जनाच्या दिवशी आपण गणराय डोक्यावर घेऊन समुद्राकडे जातो. त्या मिरवणुकीला पुढचे दार नसते, मागचे फाटक नसते. सर्वांत पुढे ढोलक असतो आणि त्याच्या मागे सारा गाव. त्याच समुद्राच्या काठी आपण वर्धापनदिन करणार असू, तर चालण्याचा क्रम तोच ठेवावा, एवढीच समितीला आणि आपणा सर्वांना आमची विनंती आहे.