वीज कुणाची, झळ कुणाला?

चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची एक अतिउच्चदाब वीजवाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. १,५०० मेगावॉट वीज वाहून नेण्याची तिची क्षमता आहे. विदर्भातील कोळसा जाळून निर्माण झालेली वीज मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यापर्यंत पोहोचविणे, हे तिचे काम. वीज दूर जाते. राख, धूळ आणि खाणींचे खड्डे मात्र मागे राहतात. पृथ्वीच्या तापमानवाढीचा प्रश्न समजून घेण्यासाठी ध्रुवप्रदेशातील हिमखंडांपर्यंत जाण्याचे कारण नाही. ही एक वाहिनी पुरेशी आहे.

चंद्रपूरचा उन्हाळा तेथील धुरांड्यांनीच तापविला, असे म्हणणे मात्र शास्त्राला धरून होणार नाही. पारा ४५ अंशांपुढे जाणे ही त्या मुलखाची जुनी ओळख आहे. कोळसा, तेल व वायू जाळल्याने निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो आणि त्याचा मोठा हिस्सा शेकडो वर्षे तेथे राहतो. सूर्याचा प्रकाश तो आत येऊ देतो, परंतु तापलेल्या जमिनीतून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. हे ज्ञान काही कालपरवाचे नव्हे. स्वीडिश शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच त्याचे गणित मांडले होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. त्या काळाच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष म्हणून २०२४ ची नोंद झाली. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. हा आकडा दिसायला लहान आहे. परंतु सरासरी थोडी सरकली की टोकाच्या उन्हाचे दिवस पुष्कळ वाढतात आणि रात्रीही निवत नाहीत.

ऊन गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हणतात. ते खरे नाही. ऐन वैशाखात तेंदूपाने तोडणारी आदिवासी स्त्री, वीटभट्टीवरील कुटुंब, डांबर ओतणारा रस्तामजूर, बाजार समितीतला हमाल, या सर्वांच्या शरीराला थंड ठेवणारे साधन एकच, आणि ते म्हणजे घाम. हवेत दमटपणा वाढला की तो वाळत नाही. पाणी मिळाले नाही की तो येतच नाही. मग शरीराचे तापमान वाढत जाते आणि मेंदू, मूत्रपिंड व हृदय यांवर घाला पडतो. संध्याकाळी हाच मजूर पत्र्याच्या तापलेल्या खोलीत परततो. ‘उन्हात जाऊ नका’ हा सरकारी सल्ला त्याच्या कानावर येतो. परंतु उन्हात न गेल्यास त्या दिवसाची मजुरी कोण देणार, हे त्या सल्ल्यात लिहिलेले नसते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे शासकीय पुरस्कार सोहळ्यासाठी उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. सोहळा सरकारी होता, म्हणून ते मृत्यू राज्याला दिसले. कामाच्या जागी एकटादुकटा कोसळणारा मजूर मात्र ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढ्या नोंदीवर कागदोपत्री निकालात निघतो. जो मृत्यू मोजलाच जात नाही, त्याची जबाबदारी तरी कोण घेणार?

वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला काय चालते? तेथे वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता उचलून रस्त्यावर फेकते, आणि त्यासाठी लागणाऱ्या विजेकरिता आणखी कोळसा जाळावा लागतो. गारवा आत राहतो, ऊन बाहेरच्याच्या वाट्याला येते. हीच रीत जगाच्या पातळीवर चालू आहे. औद्योगिक क्रांतीपासून आजवर सोडल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे. आपले प्रतिनिधी हे आंतरराष्ट्रीय परिषदांत ठणकावून सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु जो न्याय आपण वॉशिंग्टनकडे मागतो, तोच न्याय चंद्रपूरचा मजूर मुंबईकडे मागू लागला, तर त्याला आपण काय उत्तर देणार? देशाच्या दरडोई सरासरीमागे लपून चैन करण्याचा अधिकार येथील धनिकांना कोणी दिला?

यावर आपल्याच चळवळीतले काही मित्र म्हणतील, की कोळसा बंद झाला तर खाणकामगारांच्या चुली विझतील. ही शंका रास्त आहे. परंतु कोळशाचा भरवसाही आता पूर्वीचा उरलेला नाही. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणाचे पाणी आटले, तेव्हा चंद्रपूरचे वीजनिर्मिती संच बंद ठेवावे लागले होते. तेव्हा प्रश्न बदल होणार की नाही, हा नसून तो कुणाच्या अटींवर होणार, हा आहे. खाण बंद करण्याआधी तेथील कामगाराच्या, आणि विशेषतः कंत्राटी कामगाराच्या, पर्यायी रोजगाराची कायदेशीर हमी हवी. सूर्याच्या विजेची मालकीही पुन्हा मूठभरांच्या हाती जाता कामा नये. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौरपंपांची सहकारी संस्था चालू करून शिल्लक वीज वीज कंपनीला विकून दाखविली. साखरेसाठी सहकार उभा करणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य का वाटावे?

आणि जे ऊन आजच अंगावर आले आहे, त्याचे काय? १९४८ च्या कारखाने कायद्याने कारखान्याच्या चार भिंतींआड सुसह्य तापमान राखण्याचे बंधन मालकावर घातले. उघड्या आभाळाखाली राबणाऱ्यास तेवढेही संरक्षण मिळाले नाही. कामगार संघटनांना मोकळीक न देणाऱ्या कुवेत-कतारसारख्या राजवटींनीही उन्हाळ्यात भर दुपारच्या उघड्यावरील कामास बंदी घातली आहे. मग लोकशाही राज्याने केवळ सल्ल्यावर का थांबावे? ठरावीक तापमानापुढे काम थांबलेच पाहिजे, त्या तासांची मजुरी मिळालीच पाहिजे, कामाच्या जागी सावली व पाणी असलेच पाहिजे, आणि उष्माघाताने झालेला मृत्यू कामावरील अपघात म्हणून नोंदला गेलाच पाहिजे. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केले आहे. त्या हक्काचा अर्थ मजुराच्या हजेरीपत्रकावर उमटला नाही, तर तो निकालपत्रातच राहील.

१९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्र एक गोष्ट शिकला आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ती त्याने देशाला शिकविली : संकटात काम मागणे ही याचना नव्हे, तो हक्क आहे. आज त्याच विचाराचे पुढचे पाऊल टाकण्याची वेळ आली आहे. जीवघेण्या उन्हात मजुरी न गमावता काम थांबविणे, हाही श्रमिकाचा हक्कच आहे. हे ऊन ज्यांनी वाढविले, त्यांनीच त्या थांबलेल्या तासांचे मोल चुकविले पाहिजे.