पादाधार, पेग आणि रिकीब

2004 साली 'धूम' हा हिंदी चित्रपट आला आणि मराठी वृत्तपत्रांना 'धूमस्टाईल' हा शब्द मिळाला. तेव्हापासून मंगळसूत्र हिसकावून पळणारा चोर आणि स्कूटरचे पुढचे चाक उचलणारा कॉलेजातला पोरगा, दोघेही एकाच शब्दाच्या दावणीला बांधले गेले. सोबतीला 'टवाळखोर' आणि 'हुल्लडबाज' आहेतच. बातमीदाराचे एक वेळ समजू शकते. त्याला जागा थोडी आणि वेळ त्याहून थोडा. परंतु शब्दांच्या छटांवर बोलण्याचे वेतन घेणारे आम्ही मराठीचे प्राध्यापक हीच विशेषणे स्टाफरूममध्ये जशीच्या तशी वापरतो, याची लाज वाटायला हवी होती. ती आम्हांला उशिरा वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

भोर आणि वेल्हे (तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, बोलण्यात वेल्हेच आहे) या भागातला रविवार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे पटेल. पुण्याहून महागड्या मोटारसायकलींचे तांडे येतात. काही पाबे घाटातून वेल्ह्याकडे उतरतात, काही भोरवरून वरंधा घाटाच्या दिशेने जातात. सरळ रस्ता मिळाला की त्यांतलाही एखादा पुढचे चाक उचलतो. पुरवण्यांतल्या लेखांत या मंडळींना 'मनस्वी', 'भटके', 'वेगवेडे' म्हणतात. त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी, इथल्या पोराने जुन्या स्कूटरवर तेच केले की तो टवाळखोर. कृती एक, धोका एक. विशेषण तेवढे गाडीच्या किमतीप्रमाणे बदलते. शैलीविज्ञानाच्या तासाला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता आमच्याच अंगणात येऊ. दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी वेल्ह्याच्या पुढच्या एका गावातल्या विद्यार्थ्याने लेख दिला. विषय : स्कूटरला पेग बसवणे. आम्ही तो 'विषय वाङ्मयीन नाही' असा शेरा मारून परत केला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा आणि त्यावर बसलेले महाराज होते. पुढचे खूर हवेत असलेला घोडा शौर्याचे प्रतीक आणि पुढचे चाक हवेत असलेली स्कूटर संस्कारांच्या ऱ्हासाचे, हे आम्ही कुठे ठरवले होते? पुण्याच्या बजाजने 1972 साली आपल्या स्कूटरला 'चेतक' हे राणा प्रतापांच्या घोड्याचेच नाव दिले. कारखानदाराला जे साम्य दिसले ते रूपकालंकार शिकवणाऱ्यांना दिसू नये, हे विशेष.

लेख परत करण्याआधी आम्ही तो तपासलाही होता. 'पेग' हा शब्द लाल शाईने खोडून वर 'पादाधार' असे लिहिले होते. खरे तर पाय टेकवण्याच्या या लोखंडासाठी शब्द हवाच होता, तर 'रिकीब' होता. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी बसून आम्ही बखरींचे गद्य शिकवतो. खोगीर, लगाम, रिकीब, मांड यांचे अर्थ मुलांकडून पाठ करून घेतो. लाल शाई हाती येताच मात्र आठवले ते संस्कृत. असो.

लेखात काय होते? गाडी चुलत्याची, जुनी, गिअर नसलेली. मागे बसणाऱ्याचा फुटरेस्ट तुटलेला. आजीचे गुडघे सुजलेले. दवाखान्यात जाताना एका बाजूने बसल्यावर तिचे पाय लोंबत आणि कळा येत. पोराने नसरापुरात वेल्डिंगवाल्याकडून पाइपाचे दोन तुकडे बसवून घेतले. (1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123वा नियम मागे बसणाऱ्यासाठी हाताला आधार, पायाला फुटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला किमान अर्धे झाकणारे आच्छादन सक्तीचे करतो. पोराने नकळत कायदाच पाळला होता.) पुढे त्याला मित्रांकडून कळले, की हेच पेग वीतभर मागे सरकवले तर त्यांवर उभे राहून चाक उचलता येते. आणि मग एक वाक्य होते, ते आम्हांला आज आठवते : पेग मागे सरकवले, आजीचे पाय परत लोंबायला लागले. पुढे काही भाष्य नाही, पश्चात्तापाचा परिच्छेद नाही. इतके संयमित वाक्य त्या अंकातल्या कुठल्याही कथेत नव्हते. आम्ही त्याखाली 'वाक्य अपूर्ण वाटते' असे लिहिले.

आमच्या आंधळेपणाला एक परंपरा आहे. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (1971) ट्रॅक्टर येतो आणि नारबाची जनावरे जातात. कादंबरी थोरच आहे. पण तिच्यावर पोसलेल्या समीक्षेने यंत्र म्हणजे गावाचा शत्रू, हे समीकरण इतके घोटून घेतले की त्यानंतर जन्मलेल्या पोराचा गोतावळा यंत्रांचाही असू शकतो, हे तिला सुचतच नाही. ग्रामीण साहित्याच्या चर्चासत्रांत अजून बैल शोधले जातात. गॅरेजमध्ये बसून कार्ब्युरेटर उघडणारा पोरगा ग्रामीण नाही काय?

कोणी म्हणेल, तुम्ही स्टंटबाजीचे समर्थन करता. मुळीच नाही. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे 52वे कलम मनाई करते, धोकादायक चालवण्याला 184वे शिक्षा सांगते, आणि गाडी अल्पवयीनाच्या हाती असेल तर 2019च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. हे सगळे योग्यच आहे. आमचा वाद पोराशी कोणत्या भाषेत बोलायचे याचा आहे. गिअर नसलेल्या स्कूटरला क्लचची दांडी नसते. मोटारसायकलसारखा क्लच झटक्यात सोडून चाक उचलण्याची सोय नाही. इंजिनाचे वजन मागच्या चाकापाशीच असते, त्यात पोरगा मागे उभा राहतो, हँडल ओढतो, अॅक्सिलरेटर पिळतो. गाडी उलटण्यापासून वाचवतो तो फक्त मागचा ब्रेक. तो ढिला असला की पाठ रस्त्यावर. शिवाय पेग मागच्या आसाच्या नटाशी अडकवला, तर चाक धरून ठेवणाऱ्या नटावर माणसाचा भार येतो. हे सांगितले की पोरगा ऐकतो, उलट प्रश्न विचारतो. 'आईबापाचे संस्कार' काढले की तो खाली बघतो आणि संध्याकाळी पुन्हा रस्त्यावर जातो. आम्ही दुसरेच केले, कारण पहिले करायला आसाचा नट कुठे असतो हे ठाऊक लागते.

त्या लेखाची झेरॉक्स आमच्या कपाटात राहिली आहे. शेवटच्या पानावर त्याने पेन्सिलीने स्कूटर काढली होती. पेग बसवण्याच्या दोन जागा बाणांनी दाखवल्या होत्या. एका बाणापाशी 'मी', दुसऱ्यापाशी 'आजी', आणि मध्ये अंतर मिलिमीटरमध्ये. वार्षिकांकात आकृत्या छापत नाहीत, असे आम्ही त्याला सांगितले होते.