नवा टेप येतोय, पण ठरावाची वही कुणाकडे?



मागच्या महिन्यात पंचायत समितीच्या मिटिंगमध्ये साहेबांनी जाहीर केलं की ग्रामसभेचे जुने टेप मोडीत निघणार. आता बोटाएवढी नवी मशीन येणार. तिला कॅसेट लागत नाही, दिवसभराचं बोलणं तिच्यात मावतं. सोबत माइक आणि भोंगाही मिळणार. "आता ग्रामसभेबद्दल तुमची तक्रारच राहणार नाही," असं साहेब म्हणाले. काही सरपंचांनी टाळ्याही वाजवल्या.

आपण टाळी वाजवायच्या आधी जुन्या टेपचं काय झालं ते आठवू या.

वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. वन हक्क समिती निवडायला आपल्याच भागातल्या एका गावात ग्रामसभा झाली. टेप ठेवला साहेबांच्या टेबलावर, साहेबांच्या तोंडासमोर. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. तो अर्धा तास हारतुरे आणि भाषणात गेला. मग टेप खट्‌कन बंद पडला. कॅसेट कुणी उलटली नाही. त्यानंतर लांबच्या पाड्यातल्या बाया उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "समितीची नावं तुम्ही घरूनच लिहून आणलीत. आमच्यातलं कोण ते आम्ही सांगू." अर्धा तास वाद झाला. वहीत काय लिहिलं गेलं? "सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते समिती निवडण्यात आली."

आपण कॅसेट मागितली. उत्तर मिळालं, तिच्यावर दुसऱ्या गावाची सभा भरली. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक पट्ट्या असतात. त्या नखानं मोडल्या की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. पोराटोरांना ठाऊक असलेली ही गोष्ट कचेरीला ठाऊक नव्हती, असं कोण म्हणेल? नव्या मशीनला तर पट्टीही नाही. एक बटण दाबलं की सगळ्या गावाचं बोलणं पुसलं.

तेव्हा दोष टेप जुना असल्याचा नव्हता. तो कुणासमोर ठेवला, कुणी बंद केला आणि कुणाच्या कपाटात गेला, दोष तिथे आहे.

हे का महत्त्वाचं? कायद्यानं तारीख ठरवलीय, १३ डिसेंबर २००५. त्याआधीपासून जमीन आपल्या ताब्यात होती हे दाखवायचंय. प्रत्येक दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. आपल्यातल्या किती जणांकडे दंडाच्या पावत्या आहेत? कुणाच्या पावसात कुजल्या, कुणाच्या उंदरानं खाल्ल्या, आणि फॉरेस्टवाल्यानं कोंबडी नेली त्याची पावती कधी मिळालीच नाही. म्हणून नियम १३ मध्ये म्हाताऱ्या माणसांचा जबाबही पुरावा धरलाय. दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या माणसानं सांगायचं, की ही जमीन अमका कसतो, त्याच्या आधी त्याचा बाप कसायचा.

पण नियम म्हणतो, जबाब लेखी पाहिजे. नुसता टेप दाखवून चालणार नाही. इथेच खरी गोम आहे. म्हातारा आपल्या वारली बोलीत सांगतो, "त्याच्या बापानं दगड काढून खाचर बांधलं." वहीत लिहितात, "सदर इसम अतिक्रमण करून जमीन कसत असल्याचे सांगितले." म्हाताऱ्यानं अतिक्रमण हा शब्द जन्मात उच्चारला नाही. त्या एका शब्दानं जमिनीचा धनी चोर झाला. खाली अंगठा मात्र म्हाताऱ्याचाच. आणि ठराव चुकीचा झाला तर वर दाद मागायला ६० दिवसच आहेत. कळेपर्यंत ते निघून जातात.

सावकाराच्या वहीवर असेच अंगठे घेतले जात. १९४५ साली वारली उठले, वेठ मोडली. सावकाराची वही गेली आणि आता सरकारी वही आली असं होऊ द्यायचं नाही.

आपल्यातलेच काही साथी म्हणतात, "रेकॉर्डिंगच नको. कोण काय बोललं ते फॉरेस्टला आणि पोलिसांना कळेल." ही भीती खोटी नाही. पण सभेत फॉरेस्टचा माणूस बसलेलाच असतो, त्याला टेप लागत नाही. टेप नसला तर त्याची आठवण खरी आणि आपली खोटी ठरते. म्हणून टेप पाहिजेच, चांगला पाहिजे, मागच्या माणसाचा आवाज येईल असा पाहिजे. पण आपल्या अटींवर.

आपल्या मागण्या अशा:

१. माइक टेबलावर बांधून ठेवायचा नाही. तो बायांच्या बाजूला आणि मागच्या रांगेत फिरला पाहिजे. सुरुवातीला गाव, पाडा, तारीख मोठ्यानं बोलायची. सभा संपल्याशिवाय मशीन बंद नाही.

२. जो ज्या बोलीत बोलला तेच लिहायचं. ग्रामसेवकाला बोली कळत नसेल तर गावातला शिकलेला पोरगा किंवा पोरगी शेजारी बसेल.

३. ठराव आणि जबाब सभेतच मोठ्यानं वाचून दाखवायचा. चूक असेल तर तिथेच दुरुस्ती. त्यानंतरच सही, अंगठा. कोऱ्या पानावर अंगठा नाही म्हणजे नाही.

४. रेकॉर्डिंगची एक प्रत आणि ठरावाची नक्कल त्याच दिवशी गावाच्या ताब्यात. ती वन हक्क समितीकडे राहील.

प्रत नाकारली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. २००५ च्या त्या कायद्यात टेपची नक्कल मागायचाही हक्क आहे. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला तीही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण पुसलेल्या टेपची नक्कल कुणी देऊ शकत नाही, म्हणून सभेच्या दिवशीच मागा, पोच घ्या.

आणि मशीन यायची वाट बघत बसू नका. प्रत्येक पाड्यानं या आठवड्यात बसून ठरवा, आपल्याकडचे जाणते कोण. त्यांना घेऊन शेतावर जा. नाला कुठला, बांध कुठला, मोहाचं झाड कुठलं, ते त्यांच्या तोंडून ऐका आणि लिहून घ्या. आपली म्हातारी माणसं आज आहेत, उद्या नसतील. ती गेल्यावर कितीही भारी मशीन आणली तरी त्यांचा जबाब मिळणार नाही.

पुढच्या ग्रामसभेला घरटी सगळे या. पुढे बसा. वही वाचून दाखवल्याशिवाय उठू नका.