घर सोडण्याची तयारी

रायगड जिल्ह्याच्या डोंगराळ भागात संकटाचा महिना जणू ठरून गेला आहे. २००५ साली २५ आणि २६ जुलैच्या अतिवृष्टीत महाड परिसरातील जुई, दासगाव, रोहन आदी गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०२१ साली २२ जुलै रोजी त्याच महाड तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक जीव गेले. २०२३ साली १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव १५१ माणसांसह ३० जुलै २०१४ रोजी मातीखाली गेले. वर्षे निरनिराळी असली तरी या साऱ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातील आहेत. हा निव्वळ योगायोग समजून पुढे जाणे परवडणारे नाही.

सह्याद्रीचा कातळ कठीण असला तरी त्याच्या उतारावर झिजलेल्या खडकाचा, मुरमाचा आणि मातीचा थर साठलेला असतो. जूनच्या पावसाने तो भिजतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत पाण्याने तुडुंब भरतो. मग दोन-तीन दिवस सलग मुसळधार पाऊस झाला म्हणजे मुरलेल्या पाण्याचा दाब मातीच्या कणांची एकमेकांवरील पकड सैल करतो, थराचे वजन वाढलेलेच असते, आणि तो खालच्या कातळावरून निसटतो. रस्त्यासाठी वा बांधकामासाठी पायथा खणला गेला असेल, झाडोरा तुटला असेल, पाण्याच्या जुन्या वाटा बुजल्या असतील, तर हे निसटणे अधिक सोपे होते. म्हणजे दरड एका रात्रीत कोसळते हे खरे असले, तरी ती एका रात्रीत तयार होत नाही.

संकट कोसळल्यानंतरच्या मदतीचा हिशेबही या घटनांनीच मांडून ठेवला आहे. माळीणची वार्ता बाहेरच्या जगाला कळली ती सकाळी त्या वाटेने गेलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. तळीयेच्या वेळी महाड शहरच पुराच्या पाण्यात होते, रस्ते बंद होते, आणि खरी मदत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. इर्शाळवाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरू शकले नाही, यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि चढण चढताना अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. या सर्वांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दरडीखाली सापडलेल्या माणसाजवळ मिनिटे असतात आणि मदतीला तास लागतात. हे अंतर बचावपथकांची संख्या कितीही वाढविली तरी पुरते मिटणारे नाही. म्हणूनच प्रत्येक कुटुंबाच्या पूर्वतयारीचा विचार अटळ ठरतो.

तथापि ही पूर्वतयारी म्हणजे काय, याविषयीची आपली कल्पना तोकडी आहे. विजेरी, मेणबत्त्या, औषधे, पिण्याचे पाणी, कोरडे अन्न अशी यादी दरवर्षी मे महिन्यात पत्रकांतून छापली जाते. पुरात किंवा वादळात घरात अडकून पडणाऱ्याला ती उपयोगी आहे. पण ज्याच्या घरावर डोंगरच येणार आहे त्याला कपाटातील मेणबत्ती वाचवू शकत नाही. त्याची तयारी एकच, आणि ती म्हणजे वेळीच घर सोडण्याची.

यासाठी लागणारी सूचना अनेकदा डोंगर स्वतःच देतो. उतारावर किंवा घराच्या जोत्याला नव्या भेगा पडतात. दारे-खिडक्या एकाएकी लागेनाशा होतात. झाडे व खांब कलतात. नेहमीचा झरा गढूळ होतो वा आटतो, आणि जेथे पाणी नव्हते तेथे ते फुटते. ही लक्षणे प्रत्येक वेळी दिसतीलच असे नाही. पण दिसली तर ती ओळखण्यास भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. रोज त्या वाटेने गुरे नेणाऱ्या बाईला आणि पाणी भरणाऱ्या मुलीला ती सर्वांआधी दिसतात. प्रश्न ती दिसल्यावर पाऊल उचलण्याचा आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे.

लोक घर का सोडत नाहीत? अज्ञान, अंधश्रद्धा, हट्ट अशी उत्तरे शहरात बसून देणे सोपे असते. वस्तुस्थिती अशी की गरिबाला घर सोडण्याची किंमत मोजावी लागते. जुलैचा उत्तरार्ध म्हणजे भाताच्या लावणीचा ऐन हंगाम. चार दिवस शेत सोडले तर वर्षाचा घास जातो. गोठ्यातील जनावरांना कोण पाहणार? कणगीतील धान्य भिजले तर दिवाळीपर्यंत काय खायचे? दाराला धड कडी नाही, मागे चोरी झाली तर कोणाला विचारायचे? अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना चिखलाच्या उतरणीवरून न्यायचे कसे? आणि एवढे करून जायचे कोठे, तर गळक्या शाळेच्या एका खोलीत, जेथे बायकांना आडोसा नाही! अशा स्थितीत ‘आजची रात्र पाहू’ असे म्हणणारा माणूस मूर्ख नसतो. तो आपल्या परीने हिशेबच करीत असतो. त्याचा हिशेब बदलायचा असेल तर घर सोडण्याची किंमत कमी केली पाहिजे.

काही भाग कुटुंबाच्या हाती आहे. शिधापत्रिका, आधारपत्र, सातबारा, बँकेचे पुस्तक आणि मुलांचे दाखले जूनपूर्वीच एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दाराजवळ ठेवावेत. पुढे मदतीची प्रत्येक पायरी याच कागदांवर चढावी लागते. महिनाभराचे धान्य सखल भागातील नातेवाइकांकडे आधीच पोहोचवावे. जनावरांच्या दाव्याची गाठ ओढताच सुटेल अशी असावी, कारण बांधलेले जनावर हमखास मरते आणि मोकळे सुटलेले पुष्कळदा वाचते. म्हाताऱ्यांना व गरोदर स्त्रियांना अतिवृष्टीच्या पंधरवड्यात आधीच खाली हलवावे. ओढ्याकाठची वाट टाळून कोणत्या वाटेने जायचे आणि अंधारात कोणी कोणाचा हात धरायचा, हे घरात उजेडी बोलून ठरलेले असावे. यांपैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही.

परंतु उरलेला, आणि मोठा, भाग शासनाचा आहे. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे आली, आराखडे आले, दरडप्रवण गावांच्या याद्या आल्या. इर्शाळवाडीचे नाव त्या यादीत नव्हते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४पासून हाती घेतलेले दरडप्रवणतेचे नकाशे मोलाचे आहेत. पण पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर ठिपक्याएवढी उरते. असे नकाशे प्रदेशाचा धोका सांगतात, अमुक वाडीची हमी देत नाहीत. यादीत नाव नाही म्हणून वाडी सुरक्षित, हा अर्थ काढणेच घातक होय. शिवाय निवाऱ्याची जागा दरडीच्या व पुराच्या टप्प्याबाहेर असणे, तेथे दिवा, शौचालय व जनावरांसाठी आवार असणे, आणि सूचनेवरून घर सोडणाऱ्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई देणे, हे कुटुंबाने नव्हे, शासनाने करावयाचे काम आहे. मृत्यूनंतर लाखांची मदत जाहीर करणाऱ्या तिजोरीला जिवंत माणसाच्या चार दिवसांची मजुरी जड वाटू नये.

हे अशक्य नाही, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावे बराच काळ अंधारात राहिली. पण सूचना आगाऊ मिळाली होती, हजारो लोकांना हलविण्यात आले होते. म्हणून वित्तहानीच्या मानाने प्राणहानी फार थोडी झाली. वादळाचा माग उपग्रह घेतो, डोंगराचा माग तेवढ्या अचूकपणे घेता येत नाही, हा फरक खरा आहे. त्यामुळेच दरडीच्या बाबतीत काही सूचना फुकट जाणार. लोक तीनदा खाली उतरतील आणि काहीच घडणार नाही. मग चौथ्यांदा ‘लांडगा आला रे’ म्हणून ते हसतील. यावर उपाय सूचना कमी करण्याचा नाही. उतरणे इतके सुसह्य करावयाचे की फुकट गेलेल्या खेपेचा कोणाला पश्चात्ताप होऊ नये.

येथे गावच्या शिक्षकाचे, ग्रामपंचायतीतील कारकुनाचे आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांचे स्थान मोठे आहे. सरळ काठाचे, सपाट तळाचे भांडे उघड्यावर ठेवून रोज ठरावीक वेळी पट्टीने पाऊस मोजणे आणि शाळेच्या फळ्यावर त्याची नोंद करणे हे चौथीच्या वर्गालाही साधते. तालुक्याच्या ठिकाणचे पर्जन्यमापक काय सांगते आणि आपल्या वाडीवर प्रत्यक्ष किती कोसळले, यांत डोंगराळ मुलखात मोठी तफावत असू शकते. सलग तीन दिवसांचे आकडे डोळ्यांसमोर असले म्हणजे पोलीस पाटलाच्या सांगण्याला वजन येते. मे महिन्यात एकदा सर्व वाडीने ठरलेल्या वाटेने खाली उतरून पाहावे. अडलेली जागा त्याच दिवशी कळेल.

कुटुंबाच्या तयारीची भाषा बोलताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. जबाबदारी घरावर ढकलून कार्यालयांनी मोकळे व्हावे, असा तिचा उपयोग होता कामा नये. जेथे धोका उघड आहे तेथे कायमचे पुनर्वसन हाच उपाय आहे, आणि तेही शेतापासून, रानापासून तुटणार नाही असे. पण पुनर्वसनाच्या फायली वर्षानुवर्षे फिरतात आणि पाऊस दरसाल येतो. दरम्यानच्या प्रत्येक जुलैत त्या उतारावर माणसे झोपणारच आहेत. त्यांना जागे करणारा कोणी असावा, आणि जागे झाल्यावर जाण्यासारखी एक कोरडी जागा असावी, एवढी तरतूद येत्या पावसाळ्यापूर्वी होऊ शकते. ती न करता पुढच्या दुर्घटनेला दैवी कोप म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरणार नाही.